गनीम झुरळ याचे ठाणे सापडले त्याची हकीकत

श्री. प्रथम चुलीस नमन, मग पाण्याच्या माठास नमन, आणि मग ज्या घराचे मीठ खाल्ले त्या घरास नमन करून लेखक जे पाहिले ते लिहितो. पदरचे तिखटमीठ लावीत नाही, कारण त्या घरी स्वयंपाकात मूळचेच पुरेसे असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, त्या साली श्रावण मास अधिक आला आणि राज्यात झुरळेही अधिक जाहली, त्या समयीचा हा मजकूर. राज्य म्हणावे तर विस्ताराने मोठे नव्हे. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे गॅलरी, मागे मोरी, येवढीच हद्द. परंतु हद्द लहान म्हणोन कारभार लहान असतो ऐसे नाही, हे ज्याने सासू आणि सून एका ओट्याशी उभ्या पाहिल्या तो जाणतो. राज्याचे धनी आबासाहेब, मूळचे शांत, पेन्शनीत निघाल्यापासून अधिकच शांत, सदा गॅलरीतल्या खुर्चीवर विराजमान. सही त्यांची चाले, परंतु हुकूम मातुश्री द्वारकाबाईसाहेब यांचा चाले. मातुश्रींचा दरारा ऐसा की कुकरची शिट्टीदेखील त्यांनी तिकडे पाहिल्यावाचून होण्यास धजत नसे. थोरले चिरंजीव आणि त्यांचे कुटुंब पद्मजाबाई यांनी नव्या वसाहतीत निराळे राज्य मांडिले होते, तेथे लिफ्ट होती, आणि त्या लिफ्टेचा पद्मजाबाईंस अभिमान फार. धाकटे श्रीनिवासराव यांचे लग्न त्याच साली वैशाखात जाहले आणि सौभाग्यवती केतकीबाई सून होऊन राज्यात आल्या. येताना रुखवताची खोकी पुष्कळ आली, मिक्सराचे खोके, कुकरचे खोके, काचेच्या पेल्यांचे खोके, आणि आतील जिन्नस काढून घेतल्यावर ती रिकामी खोकी "असू दे, कधीतरी लागतात" म्हणोन स्वयंपाकघरातील माळ्यावर रचून ठेविली. रिकामे खोके टाकून देईल ऐसे घर आम्ही तरी या मुलखात पाहिले नाही.

पुढे ज्येष्ठ मासी एके सकाळी दुधाच्या पातेल्यावरील ताटलीवर एक झुरळ मिशा हालवीत उभे राहिलेले मातुश्रींच्या दृष्टीस पडले, आणि मातुश्रींनी चिमट्याने त्याचे पारिपत्य केले आणि विषय संपला ऐसे वाटले. परंतु एक दिसते तेव्हा शंभर निजलेली असतात. मग मिसळणाच्या डब्यात एक निघाले, मग भिंतीवरील घड्याळातून दोन निघाली, मग आबासाहेबांच्या चष्म्याच्या घरातून एक निघाले, आणि आबासाहेबांनी त्यास चष्मा समजोन हात घातला, आणि पुढे जो ओरडा जाहला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. ऐसियास मातुश्रींनी भर स्वयंपाकघरात फर्माविले, "आमच्याकडे हे कधी नव्हतं. या हातानं एवढी वर्षं संसार केला, कुणी बोट दाखवलं नाही. खोकी आली आणि हे आलं." नाव कोणाचे घेतले नाही, परंतु बाण कोठे लागावा तेथे लागला. केतकीबाई मान खाली घालून गॅलरीत गेल्या. त्या दिवसापासून त्यांचा ओट्याचा अधिकार गेला. भाजी निवडावी ती गॅलरीत बसून, कणीक मळावी ती दुसऱ्याने तपासावी, आणि फोडणीस हात लावू नये. श्रीनिवासरावांनी माळ्यावरील सारी खोकी खाली उतरविली, झटकिली, उलटी केली, आत थर्माकोलाचे तुकडे आणि एक हरवलेला चमचा यांखेरीज काही निघाले नाही. तरी मातुश्री म्हणाल्या, "पिल्लं घालून आई निघून गेली असेल." या बोलण्यास तोड नाही. केतकीबाई न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून रडल्या. नळ कशासाठी मोठा सोडितात हे घरात सर्वांस कळते आणि कोणी बोलत नाही. लेखकास फार वाईट वाटले, परंतु लेखकाचे मत कोणी पुसले नाही.

मग मोहिमा जाहल्या. श्रीनिवासरावांनी फवारा आणिला आणि स्वयंपाकघरावर चाल केली, तो फवारा गनिमास लागला नाही, आबासाहेबांस खोकला मात्र लागला. मग झुरळांचा खडू आणोन ओट्याभोवती रेघ ओढिली, आणि दुसरे दिवशी त्या रेघेवर एक झुरळ स्वस्थ बसलेले आढळले. मग लवंगा ठेविल्या, डांबरगोळ्या ठेविल्या, शेजारच्या बाईंनी सांगितले म्हणोन काकडीच्या साली ठेविल्या, आणि त्या साली गनिमाने खाल्ल्या. इतक्यात अधिक मास सरून निज श्रावण लागला आणि पद्मजाबाई नव्या वसाहतीतून भेटीस आल्या, आणि चहाचा पेला उजेडात फिरवून फिरवून पाहोन म्हणाल्या, "आई, राग मानू नका, पण यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे बसवू या का? घर नवीन आहे, किडामुंगी नाही. इथं नैवेद्याच्या ताटात काही पडलं तर काय करायचं?" हे बोल ऐकोन मातुश्रींचा चेहरा उतरला. या राज्यात भाद्रपदी महालक्ष्म्या येणे हाच सणांचा सण. त्या घरी दोन पिढ्यांच्या महालक्ष्म्या, आणि म्हण ऐसी की देवी एका घरून उठल्या की पुन्हा त्या घरी बसत नाहीत. मातुश्री म्हणाल्या, "पोळ्यापर्यंत बघू. ठाव लागला तर ठीक. नाही तर महालक्ष्म्यांची पेटी तुझ्या घरी." दाराआडून केतकीबाईंनी हे ऐकिले. पहिलेच वर्ष, आणि जिच्या पायगुणाने घरच्या महालक्ष्म्या गेल्या ती सून, ऐसे नाव पडले की ते जन्मभर पुसत नाही. पुढे लेकरे होतील त्यांच्या बारशातही कोणी तरी ते काढील.

तेव्हा केतकीबाई डोळे पुसून उठल्या आणि नवऱ्यास म्हणाल्या, "मारायचं नंतर बघू. आधी ती राहतात कुठं ते शोधू. आपण नुसती वाटेवरची मारतोय." हे बोलणे लहान, परंतु इतक्या दिवसांत राज्यात पहिलेच शहाणपणाचे बोलणे जाहले. मग त्यांनी बॅटरी घेतली आणि फ्रीज पुढे ओढिला. मागे यंत्राची ऊब होती, आणि तेथे चहाच्या भुकटीसारखी काळी विष्ठा पडली होती, आणि झुरळेही होती, परंतु मोजकी. मग सिंकेखाली वाकोन पाहिले, तेथे पाइपाच्या भोकाशी ओल होती, तेथेही येणेजाणे होते, परंतु वस्ती नव्हती. मग गॅसची शेगडी उचलली, मग मिक्सराचे बूड पाहिले, मग ज्या पिशवीत सर्व पिशव्या कोंबितात ती पिशवी उलटी केली, आणि तिच्यातून इतक्या पिशव्या निघाल्या की झुरळ असते तरी गुदमरोन मेले असते. कोपऱ्या-कोपऱ्यास नाक लावून वास घेतला, कारण जेथे गनीम दाटीने राहतो तेथे ओशट, कोंदट वास येतो. परंतु कोठेही त्या वासाची दाटी भेटेना. केतकीबाई म्हणाल्या, "ही सगळी नाकी आहेत. ठाणं दुसरीकडं आहे." मग त्यांनी युक्ती केली. जेवणे उरकल्यावर दाराच्या उंबऱ्यांपाशी आणि भिंतींच्या कडेने रांगोळी चाळणीने अगदी बारीक भुरभुरविली, आणि सर्व निजले.

सकाळी प्रथम मातुश्री उठल्या, आणि रांगोळीत बारीक बारीक ठसे उमटलेले, स्वयंपाकघरातून निघोन भिंतीच्या कडेने थेट देवघराच्या खोलीत गेलेले पाहोन जागीच उभ्या राहिल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई! पावलं! आबासाहेब, उठा, पावलं उमटलीत!" आबासाहेब उठोन आले आणि नीट न पाहताच हात जोडिले, कारण लवकर हात जोडिले म्हणजे लवकर परत निजता येते. मग शेजारच्या बाई आल्या, त्यांनी ठशांवर हळदकुंकू वाहिले, आणि "लक्ष्मी आधीच आली हो तुमच्याकडं, कशाला जाते ती लिफ्टेच्या घरात" ऐसे म्हणोन मातुश्रींच्या डोळ्यांस पाणी आणिले. केतकीबाई वाकोन ठसे पाहत राहिल्या. मग नवऱ्यास खोलीत बोलावून हळूच म्हणाल्या, "अहो, लक्ष्मीला पाय दोन असतात. हिला सहा आहेत." श्रीनिवासराव म्हणाले, "मग आईला सांग." त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा." ते म्हणाले, "मी? मला ऑफिसला उशीर होतोय," आणि मोजे न घालताच निघोन गेले. ठसे जेथे संपत होते तेथे देवघरातील माळ्याखालची भिंत होती, आणि त्या माळ्यावर एकच वस्तू होती, ती महालक्ष्म्यांची पेटी. पेटीत कोथळे ठेवलेले असत. कोथळे म्हणजे महालक्ष्म्यांची पत्र्याची धडे, आतून पोकळ, पोटाशी झाकण. सणाचे वेळी त्यांवर साडी नेसवून वर पितळी मुखवटे बसवितात, आणि सण सरला की जुन्या लुगड्यात गुंडाळून वर्षभर पेटीत निजवितात. त्या पेटीस आवाहनाच्या दिवसावाचून कोणी हात लावू नये ऐसी घरची रीत, आणि म्हणोनच इतक्या शोधात फ्रीज हालला, शेगडी हालली, परंतु पेटीकडे कोणाचे बोटही गेले नाही. केतकीबाईंनी स्टुलावर चढोन पेटीच्या फटीस नाक लाविले, आणि तो वास आला. तो दाट आला.

आता येथे पेच पडला. संध्याकाळी श्रीनिवासराव परत आल्यावर त्यांनी सल्ला दिला तो ऐसा, "तू गप्प राहा. आवाहनाच्या दिवशी पेटी सगळ्यांसमोर उघडणार. वहिनी असेल, शेजारणी असतील. आपोआप सगळ्यांना कळेल कुणाचं खरं. वहिनीच्या घरी पेटी गेली तर तिच्याकडं उघडेल, आणखी बरं!" खरे सांगावयाचे तर सल्ला गोड होता, आणि आम्ही केतकीबाईंच्या जागी असतो तर हाच घेतला असता आणि वर पानात पुरणपोळी जास्त वाढून घेतली असती. परंतु आषाढात केतकीबाईंस ताप आला होता, तेव्हा मातुश्रींनी उशाशी बसोन मऊ भात भरविला होता, "एवढंसं खाऊन कसा ताप उतरायचा, काय माहेरी उपाशीच ठेवायचे का तुला" ऐसे रागे भरत भरत भरविला होता, आणि ताप उतरेपर्यंत उशापासून उठल्या नव्हत्या. ते त्यांस आठवले. आणि भरल्या बायकांत झाकण उघडल्यावर मातुश्रींचे तोंड कसे होईल तेही त्यांच्या डोळ्यांसमोर आले. म्हणाल्या, "नाही. असं नाही करायचं."

दुसरे दिवशी दुपारी आबासाहेब वामकुक्षीत घोरत असता केतकीबाई मातुश्रींपाशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, पेटी खाली काढू या का? आपण दोघीच." मातुश्री म्हणाल्या, "वेड लागलं का तुला? आवाहनाआधी कोथळ्यांना हात लावतात होय?" केतकीबाई म्हणाल्या, "मला वाटतं, ती तिथं आहेत." हे ऐकताच मातुश्री ऐशा संतापल्या की हातातील शेंगांची परात खाली ठेविली. "तोंड सांभाळून बोल! देवीच्या पोटात झुरळं? आपली खोकी वाचवायला देवीवर घालतेस?" तेव्हा केतकीबाईंस रडू आले, परंतु या वेळी त्यांनी नळ शोधिला नाही, तेथेच समोर बसोन रडल्या आणि म्हणाल्या, "नसतील तर मी स्वतः पेटी पद्मजाताईंच्या घरी पोचवते आणि पुन्हा तुमच्या ओट्याकडं बघत नाही. असतील तर तुम्हाला आणि मला कळेल, तिसऱ्याला कळणार नाही. देवाशपथ." मातुश्रींनी तिच्याकडे पाहिले, मग माळ्याकडे पाहिले, मग उठल्या, हातपाय धुतले, देवापुढे हात जोडोन पुटपुटल्या, आणि पदर खोचोन म्हणाल्या, "धर स्टूल." मग दोघींनी पेटी उतरविली आणि कडी काढिली आणि लुगडे सोडिले आणि मातुश्रींनी थोरल्या महालक्ष्मीच्या पोटाचे झाकण उघडिले.

तेथे राजधानी होती. थोर, धाकटी, पंखाची, बिनपंखाची, गव्हाच्या दाण्यायेवढी पिल्ले, आणि लुगड्याच्या घडीघडीत राजम्याच्या दाण्यांसारख्या अंड्यांच्या कोशांच्या रांगा लागलेल्या. उजेड पडताच गनीम चहूकडे उधळला, आणि केतकीबाईंनी आधीच भरून ठेविलेली साबणाच्या पाण्याची बादली ओतिली आणि खराटा घेतला आणि जे रणकंदन जाहले त्याचे वर्णन जेवल्यावर वाचणारासाठी आम्ही करीत नाही. धाकट्या महालक्ष्मीच्या पोटीही तीच गत. आबासाहेब या सर्व काळात घोरत होते. रण शांत जाहल्यावर केतकीबाईंनी पाहिले तो मातुश्री भुईवर बसल्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर कोथळ्याच्या बुडातून निघालेला भुगा होता, बेसनाचा आणि वेलदोड्याच्या सालीचा. मातुश्री हळूच बोलिल्या, "लाडू ठेवते मी. दरवर्षी. उठवायच्या दिवशी, कुणाला न सांगता, दोघींच्या पोटात एकेक. माहेरवाशिणी त्या. तीन दिवस पुरण खातात, आणि मग वर्षभर अंधारात. कोण विचारतं त्यांना, जेवलीस का म्हणून? मला पण कुणी विचारायचं नाही गं, नवी आले तेव्हा." मग म्हणाल्या, "आणि दरवर्षी पेटी उघडली की लाडू नसायचा. चार-दोन किडे मागेही निघायचे, मी झटकून टाकायचे. मला वाटायचं..." तळहातावरील भुग्याकडे पाहिले. मग बोलल्या, "मला वाटायचं ती खाते." हसू यावे ऐसी गोष्ट, परंतु केतकीबाई हसल्या नाहीत. मातुश्रींपाशी भुईवर बसोन त्यांनी तो भुगा त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "खात असेल हो आत्याबाई. यंदा तिच्याकडं पाहुणे जास्त झाले." हे ऐकोन मातुश्री हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि मग दोघी मिळोन हसल्या, तेव्हा आबासाहेब जागे होऊन "काय झालं" ऐसे विचारते जाहले, आणि दोघींनी एकदम सांगितले, "काही नाही, झोपा."

मग कोथळे चिंचेने आणि राखेने घासिले, गच्चीवर उन्हात वाळविले, लुगडे उकळत्या पाण्यात घातले, माळ्याच्या फटी सिमेंटाने बुजविल्या, आणि बोरिक पावडर, साखर आणि कणीक यांच्या गोळ्या फ्रीजमागे आणि सिंकेखाली नाक्या-नाक्यावर ठेविल्या, आणि ठाणे मोडल्यामुळे उरलेला गनीम थोडक्या काळात संपला. पोळ्यास पद्मजाबाई आल्या तेव्हा मातुश्रींनी सांगितले, "महालक्ष्म्या इथंच बसतील. ठाव लागला." त्या म्हणाल्या, "कुठं लागला?" मातुश्री म्हणाल्या, "लागला म्हणते ना!" आणि विषय मिटला. भाद्रपदी महालक्ष्म्या थाटाने आल्या आणि दुसरे दिवशी जेवणावळ जाहली, पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, कढी, आणि पुरण ऐसे की त्याजविषयी निराळी बखर लिहावी. पंगत बसली असता पद्मजाबाई चारचौघींत म्हणाल्या, "म्हणजे शेवटी खोक्यांतच होती ना?" आणि पाच-सहा बायकांच्या माना केतकीबाईंकडे वळल्या. केतकीबाई कढी वाढीत होत्या. शपथ घेतली होती म्हणोन बोलल्या नाहीत, कान मात्र लाल जाहले. तेव्हा मातुश्री पोळ्यांची परात घेऊन मध्ये उभ्या राहिल्या आणि मोठ्याने बोलिल्या, "खोक्यांत नव्हती. देवीच्या पोटात होती. आणि ती मी पोसली होती, माझ्या हातचे लाडू घालून. हिनं शोधली, हिनं काढली, आणि माझी अब्रू जाऊ नये म्हणून आजपर्यंत ही पोरगी चार लोकांचं ऐकून घेत गप्प बसली. आता कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला. नाही तर पोळी घ्या." मग आबासाहेब पानावरून मान वर करून म्हणाले, "म्हणजे दरवर्षी मला 'लाडू संपले' म्हणायचीस ते..." आणि सारी पंगत हसू लागली, पद्मजाबाईही हसल्या आणि त्यांनी पोळी घेतली. ओट्याचा अधिकार त्याच संध्याकाळी परत मिळाला; मातुश्रींनी नुसते म्हटले, "कढी छान झाली होती. उद्याची फोडणी तूच घाल."

तिसरे दिवशी महालक्ष्म्या उठविल्या, साड्या उतरविल्या, मुखवटे देवघरात ठेविले, आणि कोथळे पुसून लुगड्यात गुंडाळावयास घेतले. तेव्हा केतकीबाईंनी पाहिले की मातुश्रींच्या मुठीत सवयीप्रमाणे लाडू आलाच होता. मातुश्री उघड्या झाकणापाशी पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. आत पाहिले, स्वच्छ होते. मग झाकण लाविले, कडी घातली, वळल्या, आणि म्हणाल्या, "आ कर." केतकीबाई म्हणाल्या, "अहो आत्याबाई, मी आत्ताच जेवले." मातुश्री रागे भरल्या, "जेवली म्हणे! आ कर म्हणते ना. तू पण कुणाची तरी माहेरवाशीणच आहेस," आणि सबंध लाडू तिच्या तोंडात घातला, आणि बोटास लागलेले बेसन पदराला पुसले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. त्या राज्यात पुढे झुरळ क्वचित दिसले तर फ्रीजमागे दिसले, आणि मारिले. खोकी माळ्यावर अद्याप आहेत. लाडूही दर साली महालक्ष्म्या उठविण्याच्या दिवशी पूर्ववत नाहीसा होतो. तो कोणाच्या पोटी जातो हे आता मातुश्रींस पक्के ठाऊक आहे, आणि खाईना का, म्हणोन त्या दुसराही देतात. लेखकाने पाहिले तितके लिहिले. लेखकास लाडू कोणी दिला नाही.